विजेचा तोल आणि शेवटचे रोहित्र

परभणी जिल्ह्याचा नकाशा विजेच्या दृष्टीने पाहू लागले म्हणजे दोन ठिकाणे प्रथम डोळ्यांत भरतात. उत्तरेस जिंतूर तालुक्यात पूर्णा नदी अडवून बांधलेले येलदरीचे धरण आहे आणि त्याच्या पायथ्याशी, १९६८ सालापासून, प्रत्येकी साडेसात मेगावॅटचे तीन संच असलेले जलविद्युत केंद्र आहे. दक्षिणेस गंगाखेड ओलांडून जिल्ह्याची सरहद्द मागे टाकली की बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथचे औष्णिक केंद्र लागते, जे १९७१ साली ३० मेगावॅटच्या संचाने सुरू झाले आणि ज्याची क्षमता पुढे वाढत जाऊन एके काळी हजार मेगावॅटच्या वर गेली. या दोन केंद्रांच्या मधोमध गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठांनी पसरलेला, कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी व हळद पिकविणारा काळ्या जमिनीचा मुलूख आहे. एका बाजूस पाण्याची व दुसऱ्या बाजूस कोळशाची वीज जन्मास येत असता, मधल्या शेतकऱ्याची विहिरीवरील मोटार मात्र वर्षानुवर्षे ‘लाईट केव्हा येणार’ या एकाच प्रश्नाच्या अधीन का राहावी, असे कोडे या मुलखातील माणसास पडले तर त्यात नवल नाही.

या कोड्याचे उत्तर असे की, वीज तिच्या शेजाऱ्याच्या मालकीची नसते. येलदरीच्या टर्बाइनमधून निघालेली शक्ती जिंतूरच्या घराघरांत नेमून दिलेली नसून ती एका विराट जाळ्यात मिसळते, आणि त्या जाळ्यात आज गुजरातेतील समुद्रकाठापासून अरुणाचलाच्या डोंगरांपर्यंत व काश्मीरपासून तामिळनाडूपर्यंतची सारी प्रमुख केंद्रे एकत्र गुंफलेली आहेत. ३० मे २०२४ रोजी या जाळ्यावरील मागणी अडीच लाख मेगावॅटपर्यंत पोहोचली होती. येलदरीचे साडेबावीस मेगावॅट म्हणजे त्या मागणीचा अकरा हजारावा हिस्साही नव्हे. तेव्हा परभणीस वीज मिळते की नाही, मिळाली तर कोणत्या गुणाची मिळते, हा प्रश्न जवळच्या केंद्राचा राहत नाही; साऱ्या जाळ्याच्या स्थैर्याचा, आणि त्या स्थैर्याची किंमत कोणाकडून वसूल केली जाते याचा तो प्रश्न होतो.

स्थैर्य म्हणजे काय, हे प्रथम पाहू. धान्य कोठारात ठेवता येते, पाणी धरणात अडविता येते, पैसा खजिन्यात साठविता येतो. परंतु तारेतून धावणारी वीज ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी तिचा व्यय व्हावा लागतो. विजेच्या जमाखर्चात शिल्लक नसते आणि उधारीही नसते. लक्षावधी माणसे आपापल्या मर्जीने दिवे लावीत आणि मालवीत असता, गिरण्या सुरू होत आणि थांबत असता, ढग आल्यामुळे एखाद्या शहरातील हजारो पंखे एकाच वेळी बंद पडत असता, निर्मितीच्या बाजूने त्या प्रत्येक चढउताराचा हिशेब क्षणोक्षणी चुकता करावा लागतो. हा हिशेब किंचित चुकला तर त्याची खूण ताबडतोब उमटते ती वारंवारतेवर. आपल्या देशात विजेचा प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तने पूर्ण करतो. मागणी निर्मितीहून वाढली की सारी जनित्रे एकदम मंदावतात आणि आकडा पन्नासाच्या खाली येतो. निर्मिती अधिक झाली की तो पन्नासाच्या वर चढतो. नियमाने तो ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात राहावा अशी अपेक्षा असते.

ट्रॅक्टर येण्यापूर्वी परभणीच्या काळ्या रानात हरळी मोडावयाची असली म्हणजे एका जड लाकडी नांगराला आठ-आठ बैल जुंपीत असत, हे जुन्या पिढीतील माणसांना आठवत असेल. त्या बैलांपैकी प्रत्येकाची ताकद निराळी, पण पाऊल एकच पडावे लागे; जमीन कठीण लागली तर सर्वांचीच चाल मंदावे, आणि एक बैल बसला तर त्याचा भार उरलेल्या सातांच्या मानेवर त्याच क्षणी येई. जाळ्यातील जनित्रांची स्थिती अशीच आहे. चंद्रपूरचा कोळशावरचा अजस्र संच असो की येलदरीचा लहानसा जलसंच असो, एकाच जाळ्यात जुंपल्यावर त्यांना एकाच लयीत फिरावे लागते. आणि हजार मैलांवरील एखादा संच अकस्मात बंद पडला, तर त्याच्या वाट्याचा भार, कोणाच्याही हुकमाची वाट न पाहता, उरलेल्या सर्वांवर वाटला जातो.

असा आघात झाला की जाळ्याचे रक्षण टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या काही सेकंदांत तारणहार असते ते फिरत्या लोखंडाचे जडत्व. शेकडो टनांचे हे रोटर मिनिटास हजारो फेऱ्यांनी फिरत असताना त्यांच्या ठायी जी गतिज ऊर्जा साठलेली असते, ती खर्ची पडते आणि वारंवारतेची घसरण सावकाश होते. त्यानंतर प्रत्येक टर्बाइनवरचा गव्हर्नर नावाचा नियामक वेग घटल्याचे ओळखून वाफेची अथवा पाण्याची झडप अधिक उघडतो. मग काही मिनिटांत माणसाची बुद्धी कामास लागते: महाराष्ट्रापुरते कळव्याचे राज्य भारप्रेषण केंद्र, त्यावर मुंबईचे पश्चिम विभागीय केंद्र आणि त्याहीवर दिल्लीचे राष्ट्रीय केंद्र, अशा उतरंडीतून कोणी निर्मिती वाढवावी, कोणी उचल कमी करावी, याचे आदेश सुटतात. एवढ्यानेही भागले नाही आणि वारंवारता ४९.४ च्या खाली उतरू लागली, तर उपकेंद्रांतून बसविलेले रिले ४९.४, ४९.२, ४९.० आणि ४८.८ अशा चार पायऱ्यांवर, कोणासही न विचारता, ठरलेल्या वाहिन्या तोडून टाकतात. कारण काही भाग अंधारात घालून उरलेले जाळे वाचविणे हे सारे जाळे कोसळू देण्याहून केव्हाही बरे.

जलविद्युत केंद्राचे मोल येथे लक्षात येते. कोळशाचा थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापवून वीज देण्यास कित्येक तास लागतात, तर धरणाच्या पायथ्याचा संच काही मिनिटांत पूर्ण भाराने उभा राहतो आणि तितक्याच चपळाईने मागेही घेता येतो. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे घरांतील दिवे मालविले गेले, तेव्हा सुमारे ३१ हजार मेगावॅटची मागणी काही मिनिटांत ओसरली आणि तशीच परत आली. ही भरती-ओहोटी जाळ्याने पेलली ती मुख्यतः जलविद्युत संचांच्या या चपळाईच्या बळावर. १९६० मेगावॅट क्षमतेचा कोयना प्रकल्प महाराष्ट्राच्या जाळ्याचा आधारस्तंभ मानला जातो तोही याच कारणाने. येलदरीचे संच आकाराने लहान आहेत आणि सिंचनासाठी पाणी सोडले जाते तेव्हाच ते प्रामुख्याने चालतात. तरी त्यांची जात तीच आहे.

हे जाळे परभणीपर्यंत आले ते फार उशिरा. मुंबईच्या गिरण्यांना १९१५ सालापासून खोपोलीची जलविद्युत मिळू लागली, त्या काळी परभणी निजामाच्या अमलाखालील हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा होता, आणि त्या संस्थानातील मराठी रयतेच्या वाट्यास औद्योगिक सुधारणांचा अंश फारच थोडा आला. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपाठोपाठ, जून १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. खेडोपाडी खांब पोहोचविण्याचे प्रचंड कार्य या मंडळाने केले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मात्र उशिरा आलेल्या मुलखाचा अनुशेष सहजासहजी भरून निघत नाही. १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप केले, त्यात रस्ते व पाटबंधारे यांच्या जोडीस ग्रामीण विद्युतीकरणाचाही हिशेब मांडावा लागला.

इकडे जाळे आकाराने वाढत होते. आरंभी प्रत्येक राज्याचे, मग प्रत्येक विभागाचे स्वतंत्र जाळे होते. मार्च २००३ मध्ये पश्चिम विभाग पूर्व व ईशान्य विभागांशी समकालिक जोडला गेला, ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर विभाग त्यात आला, आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीने दक्षिण विभागही सांधला जाऊन ‘एक देश, एक वारंवारता’ ही स्थिती सिद्ध झाली. भारताचे जाळे अखेर एक झाले ते महाराष्ट्रात येऊन मिळणाऱ्या वाहिनीने, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यापूर्वी केवळ तारा जोडून शिस्त येत नव्हती. एकोणीसशे नव्वदच्या दशकात संध्याकाळच्या वेळी वारंवारता ४९ च्याही खाली रेंगाळणे हे नित्याचे झाले होते, कारण ठरल्यापेक्षा अधिक वीज उचलणाऱ्या राज्यास त्याची झळ लागत नसे. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात नवी दरपद्धती लागू झाली. तिच्यामुळे टंचाईच्या क्षणी जादा उचल करणाऱ्यास महाग दर पडू लागला आणि त्याच क्षणी जादा वीज देणाऱ्यास मोबदला मिळू लागला. वारंवारता सुधारली ती यंत्रांइतकीच या हिशेबी न्यायानेही.

मोठ्या जाळ्याचे सामर्थ्य मोठे, तसा धोकाही मोठा. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचे जाळे कोसळले. ते सावरते न सावरते तोच ३१ जुलै रोजी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य हे तिन्ही विभाग अंधारात गेले आणि साठ कोटींहून अधिक लोकांचा मुलूख वीजहीन झाला. पावसाने ओढ दिल्याने उत्तरेकडील राज्ये ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढीत होती, पश्चिमेकडील राज्ये ठरल्यापेक्षा कमी उचलत होती, आणि हा सारा ओघ ज्या मोजक्या वाहिन्यांतून जात होता त्यांपैकी कित्येक दुरुस्तीसाठी बंद होत्या. बिना ते ग्वाल्हेर या वाहिनीवर ताण इतका वाढला की तिच्या संरक्षक रिलेने त्या भारासच बिघाड समजून वाहिनी तोडली, आणि पुढचे सारे काही क्षणांत घडले. पश्चिम विभाग त्या दिवशी वाचला, परंतु चौकशीत निघालेला बोध सर्वांस लागू होता: भारप्रेषण केंद्रांचे आदेश राज्यांनी वेळेवर पाळले नाहीत, आणि शिस्त नसेल तेथे तारांची संख्या वाढवून स्थैर्य मिळत नाही.

या घटनेची वार्ता साऱ्या जगात गेली. परंतु ज्या काळात महाराष्ट्राचे जाळे असे कोसळण्यापासून वाचविले जात होते, त्या काळात ते कशाच्या बळावर वाचत होते, याची वार्ता कोठेही गेली नाही. २००५ पासून पुढील कित्येक वर्षे राज्यात मागणी आणि निर्मिती यांच्यामध्ये हजारो मेगावॅटची तूट होती, आणि ती तूट भरून काढण्याचा उपाय होता भारनियमन. वेळापत्रक आखून खेड्यांच्या वाहिन्या बंद ठेवल्या जात. ज्या वाहिनीवर हानी व थकबाकी अधिक, त्या वाहिनीवर अंधाराचे तास अधिक, असा दंडक होता. बिल भरणाऱ्यास प्राधान्य मिळावे, या तत्त्वात वावगे काही नाही. पण वाहिनीवरील हानी सारीच आकडे टाकणाऱ्यांमुळे होत नाही. तारेतील हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात व वाहिनीच्या लांबीच्या प्रमाणात वाढते, आणि जिंतूर अथवा पालम तालुक्यात, जेथे उपकेंद्रे विरळ व वाहिन्या लांबलचक आहेत, तेथील प्रामाणिक ग्राहकासही त्या लांबीचा दंड भरावा लागला. कळव्याच्या पडद्यावर वारंवारतेचा आकडा पन्नासाच्या आसपास स्थिर दिसत होता, तेव्हा त्या स्थैर्याचा एक पाया परभणीसारख्या जिल्ह्यांतील अंधारात घातलेला होता.

शेतीचा पंप या व्यवस्थेस सोयीचा वाटला तो एका विशिष्ट गुणामुळे. दवाखान्याची शस्त्रक्रिया थांबत नाही, आगगाडी थांबत नाही, शहरातील उद्वाहन मध्येच थांबले तर आकांत होतो. पण पिकास आज मिळावयाचे पाणी चार तासांनी मिळाले तर चालते. शेतीचा भार थांबू शकणारा भार आहे. म्हणूनच शेतीच्या वाहिन्या गावठाणापासून अलग करण्यात आल्या आणि दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी चक्राकार पद्धतीने त्यांना थ्री फेज वीज देण्याची रीत पडली. रात्रीचा जो भार जाळ्यास हवा असतो, कारण तेव्हा कारखाने व कचेऱ्या शांत असून कोळशाचे संच मात्र बंद करता येत नाहीत, तो भार शेतकऱ्याने पुरवावा अशी ही योजना होती. तांत्रिक दृष्टीने ती निर्दोष आहे. पण तिच्यापायी रब्बीच्या दिवसांत, पौष-माघाच्या कडाक्यात, ओल्या बांधावरून बॅटरीच्या उजेडात गहू-हरभऱ्यास पाणी देत फिरणाऱ्या माणसाने विंचूसापाचे भय पत्करले, झोप गमावली, आणि प्रसंगी जीवही गमावला. जाळ्याच्या स्थैर्याच्या खर्चात ही बाब कोणत्याही दफ्तरात मांडलेली नाही.

वारंवारता साऱ्या देशात एकच असते. पण स्थैर्याचे दुसरे अंग, म्हणजे विद्युतदाब, हा अगदी स्थानिक मामला आहे. उपकेंद्रातून निघालेली ११ केव्हीची वाहिनी जसजशी दूर जाते तसतसा तिचा दाब घटत जातो, आणि वाहिनीच्या शेपटाशी असलेल्या रोहित्रावर, ज्यास सारा मराठवाडा डीपी म्हणतो, नियमाने जेथे ४१५ व्होल्ट मिळावयाचे तेथे तीनशे-साडेतीनशे व्होल्टवर भागवावे लागते. मोटारीचा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दाब ऐंशी टक्क्यांवर आला की पीळ चौसष्ट टक्क्यांवर येतो. पाणी उपसण्याचे ओझे मात्र तेवढेच राहते, म्हणून मोटार अधिक प्रवाह ओढू लागते, अधिक प्रवाहामुळे तारेत दाब आणखी घटतो, आणि हे दुष्टचक्र वाढत जाऊन कोठे वाइंडिंग जळते, कोठे रोहित्र. ज्या यंत्रणेने देशाची वारंवारता शतांशापर्यंत सांभाळली, तिच्या शेवटच्या टोकास हा असा प्रकार घडत असतो.

यात मोटारीच्या स्वभावाचाही भाग आहे. प्रेरण मोटारीस काम करण्यासाठी जी खरी शक्ती लागते, तिच्याखेरीज आपले चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी आणखी एक प्रकारची शक्ती लागते. ती खर्च होत नाही, पण तारेतून सतत ये-जा करते आणि तारेची जागा अडवून ठेवते. ही शक्ती दूरच्या उपकेंद्रातून आणण्याऐवजी मोटारीजवळच एक लहानसा कपॅसिटर बसवून पुरविता येते. त्यायोगे शक्तिगुणक ०.७० वरून ०.९५ वर आला, तर त्याच कामासाठी लागणारा प्रवाह सुमारे चौथ्या हिश्श्याने घटतो, आणि तारेतील हानी प्रवाहाच्या वर्गाने चालत असल्याने ती जवळजवळ पंचेचाळीस टक्क्यांनी कमी होते. एका डीपीवरील सर्वांनी ही तजवीज केली तर शेवटच्या शेतातला दाब त्याच दिवशी सुधारतो. एकट्याने केली तर तिचा लाभ त्याच्यापुरता फारसा जाणवत नाही. विजेच्या जाळ्यात सामुदायिक हित आणि व्यक्तिगत हित यांची सांगड किती घट्ट आहे, याचे इतके स्वच्छ उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल.

याच्या नेमके उलट कार्य ऑटोस्विच करतो. वीज कोणत्या घटकेस येईल याचा भरवसा नाही, म्हणून शेतकरी मोटारीस ऑटोस्विच लावून घरी निजतो, आणि वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. एकेकाच्या दृष्टीने ही सोय आहे. परंतु हिशेब करून पाहा. १०० केव्हीएच्या रोहित्रावर पाच अश्वशक्तीचे पंधरा पंप आहेत असे समजू. सुरळीत चालू असता ते मिळून ऐंशी-पंच्याऐंशी केव्हीए घेतात, म्हणजे रोहित्रास ते पेलतात. पण प्रेरण मोटार थेट सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि ऑटोस्विचमुळे पंधराही मोटारी वीज आल्याच्या त्याच क्षणी उठल्या, तर त्या रोहित्राकडे सुमारे पाचशे केव्हीएची मागणी एकदम येते. डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) उडतो, फ्यूज वितळतो, कधी तेल तापून रोहित्रच निकामी होते; मग वायरमनला निरोप, नव्या रोहित्रासाठी अर्ज, आणि ऐन भरातील पिकाचे पाण्यावाचून वाळणे. या दोषाचे माप शेतकऱ्याच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल. वीज ठरलेल्या वेळी खात्रीने आली असती, तर ऑटोस्विच लावण्याची गरजच कोणास भासली नसती. अविश्वासातून अस्थैर्य जन्मते आणि अस्थैर्यातून अविश्वास वाढतो, हा विकसनशील देशांतील वीजव्यवस्थेचा मूळ रोग आहे.

या रोगाचे आणखी एक मूळ नद्यांच्या पात्रात आहे. परळीच्या केंद्रास पाणी पुरविणारा खडका बंधारा सोनपेठ तालुक्यात, म्हणजे परभणी जिल्ह्याच्याच हद्दीत, गोदावरीवर उभा आहे. २०१३ सालच्या दुष्काळात पाणी आटले, आणि फेब्रुवारीत तेव्हाच्या ११३० मेगावॅट क्षमतेच्या त्या केंद्राचे सारे संच बंद ठेवावे लागले. २०१५ साली पुन्हा तीच पाळी आली. पाऊस नाही म्हणून विहिरीचे पाणी उपसण्यास वीज अधिक हवी, आणि पाऊस नाही म्हणूनच वीज निर्माण करण्यास पाणी नाही, असा दुहेरी पेच या मुलखाने अनुभवला आहे. त्या प्रसंगी महाराष्ट्र अंधारात गेला नाही, कारण मोठ्या जाळ्याने दूरच्या केंद्रांची वीज इकडे वळविली. विस्तृत जाळ्याचा खरा लाभ तो हाच. पण केवळ दुरून येणाऱ्या विजेवर विसंबल्याने शेपटाचा दाब सुधारत नाही, हेही तितकेच खरे.

म्हणूनच सूर्याच्या विजेकडे नव्या दृष्टीने पाहिले पाहिजे. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची मूळ कल्पना साधी आहे: शेतीच्या वाहिन्या ज्या उपकेंद्रातून निघतात, त्याच्या पाच-दहा किलोमीटरच्या परिघात काही मेगावॅटचे सौर प्रकल्प उभारावेत, त्यांची वीज थेट त्या उपकेंद्रात सोडावी, आणि शेतकऱ्यास दिवसा पाणी देता यावे. २०२३ साली या योजनेचा दुसरा, अधिक विस्तृत टप्पा सुरू झाला. वीज जेथे लागते तेथेच निर्माण झाली म्हणजे लांबच्या वाहिन्यांतील हानी वाचते आणि शेपटाकडील दाबास आधार मिळतो. मराठवाड्याच्या कोरड्या, प्रखर उन्हाचा आजवर तापच सोसला. तेच ऊन येथे भांडवल होते. आणि ज्या गुणामुळे शेतीचा भार आजवर रात्रीच्या अंधारात लोटला गेला, तो त्याचा थांबू शकण्याचा गुण, आता सूर्याच्या चालीशी जुळून दिवसा कामी येतो. ऊन चढेल तसे पंप चालावेत, ढग आल्यास काही वाहिन्यांनी घटकाभर थांबावे, ऊन परतताच पुन्हा सुरू व्हावे: असा भार जाळ्यास ओझे होत नाही, तो जाळ्याचा साहाय्यक होतो.

अर्थात सौर वीज आपल्यासोबत नव्या अडचणीही आणते, आणि त्या झाकून ठेवण्यात हित नाही. सौर पट्ट्यांत फिरते लोखंड नाही, त्यामुळे आघाताच्या पहिल्या सेकंदांत सावरून धरणारे जडत्व त्यांच्यापाशी नाही. त्यांचे प्रमाण वाढेल तसतशी ही उणीव अन्य यंत्रांनी अथवा बॅटऱ्यांनी भरून काढावी लागेल. शिवाय सूर्य मावळतो त्याच सुमारास घरोघरी दिवे लागतात, आणि तास-दोन तासांत हजारो मेगावॅटची निर्मिती अन्य केंद्रांतून उभी करावी लागते. दिवसाची जादा वीज पाणी वर चढविण्यास लावून संध्याकाळी तेच पाणी खाली सोडण्याची उदंचन पद्धती हा यावरचा पारखलेला उपाय आहे. घाटघरला २५० मेगावॅटचे असे केंद्र २००८ सालापासून चालू आहे, आणि ज्याच्या डाव्या कालव्याचे पाणी परभणी जिल्ह्यास मिळते त्या जायकवाडीच्या पायथ्याशीही १२ मेगावॅटचे उलटसुलट दोन्ही प्रकारे चालणारे यंत्र बसविलेले आहे. लहान-मोठ्या धरणांच्या आपल्या राज्यात या दिशेने पुष्कळ करण्याजोगे आहे.

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष मला असा दिसतो. आपल्या देशाने गेल्या तीस वर्षांत जाळ्याच्या माथ्याकडील स्थैर्य फार मोठ्या कर्तबगारीने मिळविले आहे, आणि त्या कार्यातील अभियंत्यांचे, वादळात खांबावर चढणाऱ्या लाईनमनचे ऋण समाजाने मानलेच पाहिजे. पण स्थैर्य मोजण्याची आपली फूटपट्टी अजून माथ्याकडेच लावलेली आहे. वारंवारतेचा आकडा क्षणोक्षणी जाहीर होतो. सोनपेठच्या किंवा पालमच्या एखाद्या वाहिनीवरील शेवटच्या रोहित्राचा दाब महिन्यातून किती तास नियमात होता, हा आकडाही तितक्याच नेमाने मोजला जावा, तहसिलीच्या ठिकाणी लावला जावा, आणि अधिकाऱ्यांच्या कामगिरीचा हिशेब त्यावरून व्हावा. ग्राहकांच्या बाजूने, प्रत्येक डीपीवरील शेतकऱ्यांनी एकत्र बसून कपॅसिटर बसविणे, मोटारी पाळीपाळीने सुरू करणे आणि वेळेवर बिल भरणे, ही आपली जबाबदारी मानावी. परभणीत १९७२ सालापासून कृषी विद्यापीठ आहे. बियाण्यांच्या नव्या वाणांइतक्याच आस्थेने पाणी व वीज यांच्या मेळाचे शिक्षण तेथून बांधापर्यंत पोहोचविता येईल. वेळेवर आणि पुऱ्या दाबाने येईल अशी खात्री असलेली वीज माणसाला शिस्तीने वागण्याचे बळ देते, आणि ती शिस्त उलट जाळ्यास स्थैर्य देते. ज्यांच्या अंधारावर या जाळ्याने आपले कठीण दिवस निभावून नेले, त्यांच्या शेतातील दाब आता सुस्थिर करणे, ही त्या जाळ्याची आणि आपल्या सर्वांची सर्वांत जुनी थकबाकी आहे. आणि ती चुकती करण्याची साधने आज प्रथमच आपल्या हाती आली आहेत.